पेग भरणाऱ्या हाताची गोष्ट : हम्मुराबीच्या कायद्यापासून हायवेवरच्या परमिट रूमपर्यंत

आपल्याकडं ‘बार’ म्हटलं की तीन गोष्टी आठवतात. एक तंबाखूचा बार, दुसरा लग्नाचा बार आणि तिसरा रस्त्याकडेचा बार अँड रेस्टॉरंट. पहिला तळहातावर मळून भरतात, दुसरा उडवून देतात आणि तिसऱ्यात जातात. पण तिसऱ्यात जाऊन आलो, असं घरी कुणी सांगत नाही.

म्हणूनच २४ फेब्रुवारी हा दिवस आपल्या स्टेटसवर कधी दिसत नाही. जगभरात हा दिवस ‘बारटेंडर डे’ म्हणून साजरा होतो. शिक्षक दिन आपल्याला माहिती आहे, डॉक्टर्स डे माहिती आहे, चहाचा सुद्धा एक दिवस असतो हे माहिती आहे. पण ग्लासात माप ओतणाऱ्या माणसाचाही एक दिवस असतो म्हटल्यावर समोरचा आधी हसतो, मग इकडंतिकडं बघतो.

आता हिंगोलीहून वाशीमकडं निघालात तर वाटेत कनेरगाव नाका लागतो. अकोला-नांदेड हायवेवरचं गाव. हिंगोली जिल्हा इथं संपत आलेला असतो, पैनगंगा जवळ आलेली असते आणि पुढं वाशीम म्हणजे विदर्भ सुरू होतो. अशा कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही हायवेवर काउंटरमागं उभा राहणारा एक माणूस असतो. त्याला कुणी बारटेंडर म्हणत नाही. तो ‘काउंटरवाला’ असतो, नाहीतर ‘वेटर’, नाहीतर नुसताच ‘ए भाऊ’.

आजची गोष्ट या भाऊची. आणि ती निघते पावणेचार हजार वर्षं मागून.

आधी शब्दाचा अर्थ

बार म्हणजे मुळात दारूचं दुकान नाही. बार म्हणजे गिऱ्हाईक आणि दारू यांच्यामध्ये टाकलेली लाकडी आडवी फळी, म्हणजे आपलं काउंटर. आणि ‘टेंड’ करणं म्हणजे सांभाळणं, देखरेख करणं. गुरं राखणाऱ्यासाठी आणि बाग सांभाळणाऱ्यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात.

थोडक्यात बारटेंडर म्हणजे फक्त ओतणारा नाही, तर ती फळी राखणारा. कुणाला किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं हे बघणारा.

जुन्या नोंदीत बाई आहे

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी. इसवी सनापूर्वी साधारण १७५० च्या सुमारास त्यानं दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात मद्यगृह चालवणाऱ्यांबद्दलही कलमं आहेत आणि गंमत म्हणजे तिथं मद्यगृह चालवणारी बाई आहे असं धरूनच कायदा लिहिलाय.

१०८ वं कलम सांगतं, की तिनं धान्याच्या बदल्यात दारू द्यायची. धान्य नाकारून जास्त वजनानं चांदी घेतली किंवा धान्याच्या मानानं दारूचं माप कमी दिलं, तर तिला पाण्यात टाकायचं. पुढचं १०९ वं कलम त्याहून कडक. तिच्या मद्यगृहात बसून कुणी कट शिजवत असेल आणि तिनं त्यांना पकडून राजवाड्यावर नेलं नाही, तर शिक्षा मरणाची.

म्हणजे माप मारायचं नाही आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवायची. दोन्ही जबाबदाऱ्या काउंटरमागच्या माणसावर. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळीकडं हेच येणार आहेत.

कौटिल्याच्या काळातलं परमिट रूम

आपल्याकडं बार ही इंग्रजांनी आणलेली भानगड आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात एक अख्खा अध्याय ‘सुराध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्यावर आहे. आजच्या भाषेत राज्य उत्पादन शुल्क खात्याचा साहेब.

पानागार कसं असावं हे त्यात सांगितलंय. बऱ्याच खोल्या असाव्यात, वेगवेगळी बसायची आणि झोपायची सोय असावी, सुगंध, फुलं आणि पाणी असावं. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार दिलेत. कुठला गिऱ्हाईक ऐपतीपेक्षा जास्त उधळतोय यावर गुप्तहेरांनी लक्ष ठेवावं, असंही आहे.

पण सगळ्यात भारी नियम वेगळाच आहे. पिऊन झोपलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, कपडे किंवा पैसे गेले, तर दुकानदारानं ते भरून द्यायचे आणि वर तेवढाच दंडही भरायचा.

विचार करा. आज किती ठिकाणी पाटी असते, ‘आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी, मालक जबाबदार नाही’. कौटिल्याच्या राज्यात ही पाटी चालली नसती.

‘पंच’ नावाचं पेय

कॉकटेल हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी युरोपातले लोक एका मिश्र पेयाच्या नादाला लागले होते. त्याचं नाव पंच.

१६३८ मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला. तिथले इंग्रज दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पितात, असं त्यानं लिहून ठेवलं. पुढं १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबई, सुरत भागात फिरला. त्यानं या नावाचा उगम सांगितला, की इकडच्या भाषेत पाच म्हणजे ‘पंच’ आणि यात पाच जिन्नस पडतात म्हणून हे नाव. काही अभ्यासक या व्युत्पत्तीवर शंका घेतात, पण सगळ्यात जास्त सांगितली जाते ती हीच. आपल्या पंचामृताचा हा वाह्यात चुलतभाऊ म्हणा.

आता यातला मुंबईचा किस्सा बघा. १६९४ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारनं एक हुकूम काढला. खानावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाला चांगली गोव्याची अर्क एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचा रस अर्धा पिंट मागून घेता येईल आणि स्वतःचा पंच स्वतः बनवता येईल, असा त्याचा मतलब होता.

सरकारला माप का ठरवून द्यावं लागलं? उघड आहे. ओतणाऱ्यावर विश्वास नव्हता. बॅबिलोनमध्ये जो प्रश्न होता तोच मुंबईत होता.

मग एक ‘प्रोफेसर’ आला

हा धंदा संशयातून बाहेर काढून त्याला कसबाचा दर्जा मिळाला तो १९ व्या शतकातल्या अमेरिकेत. १३ मे १८०६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू औषधी अर्क. बस्स, एवढंच.

त्यानंतर आला जेरी थॉमस. लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. पेटवलेली व्हिस्की एका मगातून दुसऱ्या मगात ओतायची त्याची ‘ब्लू ब्लेझर’ नावाची करामत होती, अंधारात जणू आगीची धार दिसायची. पण त्याचं खरं काम वेगळं. १८६२ मध्ये त्यानं बारटेंडरसाठी कृतींचं पुस्तक काढलं. तोपर्यंत हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडं तोंडी जायचं. थॉमसनं ते कागदावर आणलं आणि ओतणं ही शिकता येणारी विद्या झाली.

१९१७ मध्ये टॉम बुलक या कृष्णवर्णीय बारटेंडरनंही असं पुस्तक छापलं. कॉकटेलचं पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन लेखक मानला जातो. ज्या काळात त्याच्या समाजाला कित्येक बारच्या पुढच्या दारातून आत घेत नव्हते, तो हा काळ.

दारूबंदी दोन्हीकडं आली, पण परिणाम वेगळा झाला

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागली. बारटेंडर एका रात्रीत बेकार झाले. काही चोरट्या अड्ड्यांवर गेले, काही देश सोडून गेले. हॅरी क्रॅडॉक नावाचा बारटेंडर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेला आणि १९३० मध्ये त्याचं ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ आलं, जे आजही या धंद्यातले लोक वापरतात. १९३३ मध्ये अमेरिकेनं बंदी उठवली.

त्याच १९३३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलचा हार्बर बार सुरू झाला. शहरातला पहिला परवानाधारक बार अशी त्याची ओळख सांगतात.

पण मुंबईचा काटा उलट्या दिशेनं फिरणार होता. १ ऑगस्ट १९३९ ला बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई शहरात दारूबंदी आणली. पुढं १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. त्या काळचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई. या कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा सुप्रीम कोर्टात गेले. १९५१ मध्ये कोर्टानं काही तरतुदी रद्द केल्या, पण कायदा शिल्लक राहिला.

इथंच ‘परमिट रूम’ या शब्दाचं कोडं सुटतं. बंदी होती, पण ज्याच्याकडं तब्येतीच्या कारणानं किंवा परदेशी पाहुणा म्हणून परमिट आहे, त्याला हॉटेलच्या ठरावीक खोलीत पिता यायचं. ती खोली म्हणजे परमिट रूम. बाकीची मुंबई गल्लीबोळातल्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर जायची, तिथं हातभट्टी मिळायची. साठच्या दशकात नियम सैल झाले, खोलीचा अख्खा बार झाला, पण पाटीवरचं नाव तेच राहिलं.

अमेरिकेतला बारटेंडर बंदीनंतर पुन्हा हिरो झाला. आपल्याकडचा मात्र अंधाऱ्या खोलीतच राहिला. काळ्या काचा, मंद लाल दिवे, गेटवर पडदा. आपल्या परमिट रूमला जो चोरटेपणा चिकटलाय, त्याचं मूळ या कायद्यात आहे.

आणि तो कायदा गेलेला नाही बरं. नाव बदलून महाराष्ट्र मद्यनिषेध कायदा झालंय एवढंच. आजही राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. आपल्यापैकी कितीजणांनी तो घेतलाय, हे ज्यानं त्यानं मनात मोजावं.

नाक्याच्या अलीकडं आणि पलीकडं

आता पुन्हा कनेरगावकडं येऊ. आज इथं फक्त जिल्ह्याची हद्द आहे. पण १९४८ पर्यंत हिंगोलीकडची बाजू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि वाशीमकडचा वऱ्हाड १९४७ पर्यंत इंग्रजांच्या कारभारात. दोन राज्यं, दोन आबकारी खाती, दोन वेगळे ठेके. शिंदीचं झाड अलीकडं असलं तर निजामाचा कर, पलीकडं असलं तर इंग्रजांचा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढं मुंबईचाच दारूबंदी कायदा इकडंही लागू झाला.

हद्दीवरच्या आणि हायवेवरच्या गावांना पुढचा झटका बसला तो अलीकडं. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर नंतर २२० मीटर केलं. १ एप्रिल २०१७ पासून राज्यातल्या हजारो दुकानांची, बारची शटर खाली आली. पुढं शहरांच्या हद्दीत आणि नंतर काही गावांना सूट मिळत गेली.

निकालामागचं कारण खरं होतं. हायवेवर पिऊन गाडी चालवणारे माणसं मारतात. पण त्या काळात मालकांच्या नुकसानीची चर्चा झाली, सरकारच्या महसुलाची झाली. काउंटरवर उभं राहून महिन्याचा पगार घेणाऱ्या पोराची चर्चा फार कमी झाली.

या माणसाला नेमकं येतं काय?

मोठ्या शहरातल्या बारमध्ये शेकर हलवणारा माणूस भाव खातो. त्याचं कसब खरंच असतं. साठ मिली दारू, तीस मिली लिंबू आणि थोडा कमी पाक हा साधारण ताळा. दहा-बारा सेकंद बर्फात हलवलं की जवळपास पाव हिस्सा पाणी त्यात उतरतं आणि तेच हिशोबात धरायचं असतं. आता तर कोकम, जांभूळ, ताडगोळा सगळं ग्लासात येतंय. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तीही पॉश बारच्या यादीत जाऊन बसली.

पण परमिट रूमच्या भाऊलाही एक विद्या येते. माणूस वाचायची. कोण एकटा बसणार, कुणाचं टेबल भांडणावर जाणार, कुणाला आता ‘स्टॉक संपला’ म्हणून सांगायचं, कुणाची बाईकची चावी काउंटरवर ठेवून घ्यायची, हे त्याला कळतं. याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

आकडे बघा म्हणजे जबाबदारी कळेल. आपल्याकडच्या व्हिस्की, रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. पकडलं तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘अजून एक लार्ज’ हे तीन शब्द ऐकून हो म्हणायचं की नाही, हे ठरवणारा तोच असतो.

चुकीच्या हातानं ओतलं तर काय होतं?

जून २०१५, मुंबईतली मालवणी. मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉलला वास आणि चव दारूसारखीच, पण शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळे जातात, मग जीव जातो. गेलेले बहुतेक हातावर पोट असणारे होते. समोर सील फोडून, माप दाखवून ओतणारा माणूस आणि फुग्यातून दारू देणारा माणूस यात काय फरक आहे, ते अशा वेळी कळतं.

मे २०२४, पुणे. १७ वर्षांच्या मुलानं गाडीखाली दोघांना चिरडलं. त्याआधी त्याला दारू दिली म्हणून बारचे मालक आणि व्यवस्थापक यांनाही पोलिसांनी अटक केली. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. वय विचारणं हे काउंटरचं काम. हम्मुराबी सांगून गेला तेच, नजर ठेवायची.

आणि बायका?

ज्या धंद्याच्या इतक्या जुन्या कायद्यात बाई आहे, त्याच धंद्याचं दार नंतर बायकांना बंद झालं. तरी काहीजणी आत शिरल्या. एडा कोलमन १९०३ पासून सॅव्हॉयच्या अमेरिकन बारची मुख्य बारटेंडर होती, क्रॅडॉकच्याही आधी. भारतात शतभी बासू यांना पहिली महिला बारटेंडर म्हणून ओळखतात. त्यांनी मुंबईत बारटेंडिंग शिकवणारी संस्थाही काढली.

दिल्लीत तर १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यानं बायकांना आणि २५ वर्षांखालच्या पुरुषांना अशा ठिकाणी कामावर ठेवायलाच बंदी होती. ६ डिसेंबर २००७ ला अनुज गर्ग खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती तरतूद रद्द ठरवली. कोर्टाचा रोख सरळ होता. बाईला संरक्षण द्यायचं म्हणून तिचं काम काढून घेऊ नका, काम करता येईल अशी सुरक्षा द्या.

महाराष्ट्रात मात्र ‘बार’ आणि ‘बाई’ हे दोन शब्द शेजारी आले की लोकांना २००५ ची डान्सबार बंदीच आठवते. त्यामुळं मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीनं हॉटेल मॅनेजमेंट करून बारटेंडर व्हायचं ठरवलं, तर घरच्यांना समजावण्यातच तिची निम्मी ताकद जाते. मुलाचंही फार वेगळं नाही. ‘पोरगा काय करतो?’ या प्रश्नावर ‘हॉटेलात आहे’ एवढंच सांगितलं जातं.

मग साजरं करायचं की नाही?

इथं खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही.

हे तेच राज्य आहे जिथं वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. हे तेच राज्य आहे जिथं गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद करू शकतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. ज्या घरात पगार संध्याकाळी बाटलीत जातो, त्या घरातल्या बाईला ‘बारटेंडर डे’ च्या शुभेच्छा देऊन बघा, काय उत्तर मिळतं ते.

तिचा राग खरा आहे. आणि काउंटरमागचा पोरगाही खरा आहे. बऱ्याचदा तो तिच्याच गावचा, तिच्याच घरचा असतो. सगळ्यांचं जेवण झाल्यावर, शेवटचं टेबल उठल्यावर, मध्यरात्रीनंतर तो जेवतो. त्याचा दिवस साजरा करणं म्हणजे दारू साजरी करणं नाही. माप बरोबर देणारा, सील समोर फोडणारा, पोरासोरांना परत पाठवणारा आणि ‘बास भाऊ, आता घरी जा’ म्हणायची हिंमत असणारा माणूस त्या फळीमागं असणं, ही पिणाऱ्याइतकीच न पिणाऱ्यांचीही गरज आहे. कारण तिथून निघालेली गाडी हायवेवर आपल्याच समोर येणार असते.

पावणेचार हजार वर्षं राजे, कौटिल्य, गव्हर्नर आणि कोर्ट या माणसाला एकच गोष्ट विचारत आलेत, तुझं माप बरोबर आहे ना? त्याला पगार वेळेवर मिळतो का, तो जेवला का, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं.

पुढच्या वेळी कुठल्या नाक्यावर थांबलात, नुसतं जेवायला थांबलात तरी चालेल, काउंटरमागच्या भाऊला त्याचं नाव विचारा. आणि त्यानं ‘आता बास’ म्हटलं, तर ऐका.